गुरुवारी आठ वाजता, कटिंगच्या टेबलापाशी

*ताई, नमस्कार. मी २९ वर्षांचा. शाळेचे युनिफॉर्म शिवायचं आमचं घरचं युनिट आहे, खाली मशिनी आणि वर घर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत अचानक छाती धडधडायला लागली, हातापायाला मुंग्या आल्या, वाटलं आता गेलो. मित्रांनी कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी नॉर्मल. 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं. घरचे म्हणतात गॅस. त्यानंतर चार वेळा तसंच झालं. आता गर्दीत जात नाही, पुण्याच्या पार्टीकडे रेल्वेने जायचं सोडलं, माझ्याऐवजी भाऊ जातो. खिशात गॅसची गोळी असल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, रक्त सगळं बघितलं, ठीक आहे. ही अँग्झायटी आहे, थेरपी घे, असं तेच म्हणाले. पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची ऑनलाइन वेळ घेतलीय, येत्या गुरुवारी रात्री आठची. आता त्याचंच टेन्शन आलंय. काय विचारतील? मी काय बोलू? घरात बसू कुठे? आई दर दहा मिनिटांनी हाक मारते. यंदा माझ्यासाठी स्थळं बघतायत, बाहेर कळलं तर? आणि नुसतं मोबाइलवर बोलून खरंच काही होतं का? – धडधड, सोलापूर*

प्रिय धडधड,

'बसू कुठे' हा प्रश्न तू मध्येच कुठेतरी घातलास, जाता जाता विचारल्यासारखा. मी त्यालाच पहिलं घेते. बरीच वर्षं मी सोलापुरातून ऑनलाइन समुपदेशन करते. मध्येच सोडून गेलेल्यांची कारणं आठवली तर 'फरक पडला नाही'पेक्षा 'घरात बोलता येत नाही' हेच जास्त वेळा निघेल. एक बाई (ओळख बदलून सांगते) गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून बोलायच्या. जानेवारीत छान चाललं. एप्रिल लागला तशी रात्री आठलासुद्धा फरशी भाजायला लागली आणि त्यांचे सेशन बंद पडले. मनाचं काही झालं नव्हतं, आपलं ऊन आडवं आलं. दुसरा एक मुलगा संभाजी तलावाच्या काठाला स्कूटर लावून बोलायचा, तेही हेल्मेट घालून. का, तर ओठ हलताना ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून. निम्मं बोलणं मला 'हूं हूं' एवढंच ऐकू यायचं.

तुझं नशीब बघ. तुझ्याकडे खाली मशिनी आहेत. आठला कारागीर गेलेले असतील, ओव्हरलॉक, काजबटण सगळं थंड. कटिंगच्या टेबलापाशी स्टूल घे आणि कापडाच्या ताक्यांच्या मध्ये बस. कापड आवाज पिऊन टाकतं, वर जाऊ देत नाही. जिन्याच्या बाजूचा पंखा चालू ठेव, त्याच्या घरघरीत उरलंसुरलं बुडून जाईल. वायरवाला इअरफोन घे, ब्लूटूथवाला नेमका रडू यायच्या वेळेला 'बॅटरी लो' म्हणतो. आईला सांग, पुण्याचा फोन आहे, पाऊण तास हाक मारू नकोस. यात खोटं काही नाही, फोन पुण्याचाच आहे. तरी ती चहा घेऊन येईलच. पहिल्यांदा येईल, दुसऱ्यांदा येईल, तिसऱ्या गुरुवारी यायची नाही. आल्यावर काय करायचं ते थेरपिस्टशी आधीच ठरव. माझ्याकडे एकजण आई आत आली की 'कपड्याचा रेट काय म्हणालात?' असं विचारायचे. मी पण रेट सांगायचे.

मोबाइल हातात धरू नकोस, हात हलतो, थकतो आणि लक्ष तिकडेच जातं. ताक्याला टेकवून ठेव. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलंच तोंड दिसतं ते झाकायची सोय असते, ती वापर. स्वतःला घाबरताना बघत कुणाला मोकळं बोलता येतं?

लाइट गेली, नेट गेलं तर कोणी कोणाला फोन करायचा हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवून घे. हे मी माझ्या चुकीतून सांगते. एकदा समोरची व्यक्ती वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होती, रडायला लागली आणि माझ्याकडचं नेट गेलं. साधा फोन नंबर मी नीट लिहून घेतला नव्हता. शोधून लावेपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्या अकरा मिनिटांत तिला वाटलं की आपलं रडणं बघून ताईंनी फोन ठेवला. त्यानंतर मी नंबर आधी घेते, नमस्कार मागून करते.

आता काय विचारतील ते. परीक्षा नसते, तरी सुरुवातीला एक फॉर्म येईल म्हणून दचकू नकोस. त्यात तुझं नाव, पत्ता आणि अडीअडचणीला फोन करायला एका माणसाचा नंबर मागतात. बऱ्याच ठिकाणी दर वेळी 'आज तुम्ही कुठून बोलताय?' असंही विचारतात. हा चौकसपणा नव्हे. समोरासमोर असतं तर माणूस कोसळला तरी थेरपिस्ट खोलीत असते, इथे ती अडीचशे किलोमीटर लांब आहे. त्या नंबरच्या जागी घाबरून मोहल्ला गोळा करील अशा कुणाचं नाव देऊ नकोस. तुला कॅज्युअल्टीत नेणाऱ्या मित्रांपैकी एक चालेल. मात्र त्याला आधी विचार.

बहुतेक वेळा सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, तिला जीएडी-७ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली का, काहीतरी भयंकर होईल असं वाटलं का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २१ पैकी आकडा येतो. दहा किंवा त्याच्या वर आला तर नीट तपासून बघायला हवं असं साधारण धरतात. पण एवढ्यावर निदान होत नाही, आणि कमी आला म्हणून तुझा त्रास खोटाही ठरत नाही. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. खरा उपयोग तेव्हा होतो, कारण माणसाला कालची धडधड लक्षात राहते आणि मागच्या महिन्याची विसरते.

मग इतिहास. कधीपासून, पहिल्यांदा कुठे, त्या दिवशी काय खाल्लं होतं, झोप किती झाली होती, घरात कुणाला असं होतं का. चहा किती घेतोस हे नक्की विचारतील. सीझनला युनिफॉर्मवाल्यांचे दिवसाला आठ-आठ कप होतात हे मला माहीत आहे. तंबाखू, मावा, सिगारेट, दारू, सगळं खरं सांग. चहातल्या कॅफिनने आणि तंबाखूतल्या निकोटिननेही काळीज जोरात पळतं, आणि तुझं डोकं त्या पळण्याचा अर्थ लगेच 'अटॅक' असा लावतं. थेरपिस्ट तुझ्या घरी सांगायला येणार नाही.

बोलताना इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस. बरेच जण पहिल्या दिवशी 'मला अँग्झायटी इश्यूज आहेत' म्हणून थांबतात आणि पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. त्यापेक्षा जसं आईला सांगशील तसं सांग. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातापायातलं बळ जातं, जीव वरखाली होतो. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे आणि चांगल्या थेरपिस्टला त्या फरकावरून बरंच कळतं. वेळ घेतानाच विचार, मराठीतून बोलता येईल ना? आपल्याकडे पूर्व भागात ज्यांच्या घरात तेलुगू बोलतात त्यांनी तेलुगू येणारी थेरपिस्ट मागावी, त्यात संकोच कसला. माणूस ज्या भाषेत घाबरतो त्याच भाषेत त्याला मोकळं बोलता येतं, असा माझा तरी अनुभव आहे.

मध्येच शांतता पडेल. समोरासमोर पडली तर खिडकीबाहेर बघता येतं. ऑनलाइनवर पडली की दोन्हीकडून एकाच वेळी 'ऐकू येतंय ना?' सुरू होतं. येतंय, दोघांनाही येतंय. गप्प बसायला हरकत नाही.

पहिल्या सेशननंतर तुला वाटेल की काहीच झालं नाही. पैसे गेले, माहिती तेवढी दिली. मी स्वतः पहिल्यांदा पेशंट म्हणून बसले होते तेव्हा पन्नास मिनिटांतली चाळीस मुलीच्या दहावीबद्दल बोलले आणि ज्याच्यासाठी गेले होते ते उठता उठता दारात सांगितलं. हे इतक्यांचं होतं की आमच्या धंद्यात शेवटच्या पाच मिनिटांत कान टवकारून बसायची सवय लागते. पहिली एक-दोन सेशन ओळखीत जातात. तिसऱ्या-चौथ्यानंतर ठरव, जमतंय की नाही ते.

आता तुझा शेवटचा प्रश्न, बोलून काही होतं का. नुसतं बोलून फारसं होत नाही. तुझ्यासारख्या त्रासाला सहसा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी) नावाची पद्धत वापरतात आणि तिच्यात बोलण्यापेक्षा करण्याचं काम जास्त असतं. व्हिडिओवर केलेल्या सीबीटीचा अभ्यास बराच झालाय आणि चिंतेच्या त्रासात ती समोरासमोरच्या उपचाराच्या बरोबरीने चालते असंच बहुतेक अभ्यासांत दिसलंय. साधारण बारा ते वीस सेशन धर, आठवड्याला एक, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचं. कुणाचं आठातही भागतं.

गड्ड्यात तुझ्या शरीरात काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शरीराला वाटलं धोका आहे. अ‍ॅड्रिनलिन सुटलं, काळीज पळायला लागलं, तू भराभर श्वास घ्यायला लागलास. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, हवा पुरत नाही असं वाटतं. मग हवा पुरत नाही म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो. लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते. ती उतरतेच, पण तोवर तू एकतर पळालेला असतोस नाहीतर गोळी तोंडात टाकलेली असते. मग डोकं हिशेब मांडतं: पळालो म्हणून वाचलो, गोळी होती म्हणून वाचलो. गॅसची गोळी आम्लपित्ताची आहे, धडधडीशी तिचा संबंध शून्य, आणि ती पोटात उतरून काम सुरू करायच्या आत तुझी लाट ओसरलेली असते. पण श्रेय तिलाच मिळतं.

थेरपीत हा हिशेब उलटा करतात, एकेक पायरी. 'माझी भीती घालवा' असं म्हणालास तर थेरपिस्ट विचारेल, भीती गेली तर काय कराल? तुझं उत्तर पत्रातच आहे, रेल्वेने पुण्याला जाईन. मग पायऱ्या अशा पडू शकतात. आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढून सोलापूर स्टेशनवर वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, धडधड झाली तरी हलायचं नाही. मग पॅसेंजरने मोहोळपर्यंत, परत एसटीने. मग कुर्डुवाडी. मग दौंड. आणि मग एक दिवस सकाळची हुतात्मा, तीही दारापाशी नाही, मधल्या सीटवर. प्रत्येक पायरी दोन-तीनदा, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की ओळखायचं, भीती हटली. पुढे कधीतरी गोळी घरी ठेवून जायला सांगतील. स्टेशनवर नुसतं उभं राहण्यापेक्षा तो दिवस तुला अवघड जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

घरच्या घरीही काही प्रयोग करायला लावतील. व्हिडिओ चालू ठेवून जागच्या जागी एक मिनिट पळ, किंवा खुर्चीत गोल फिर. म्हणजे तीच धडधड, तीच गरगर मुद्दाम आणायची आणि बघायचं की काही होत नाही. इथे ऑनलाइनचा फायदा आहे. पुण्याच्या दवाखान्यात गादीच्या खुर्चीवर बसून धीर येणं वेगळं, आणि ज्या जिन्यावर तुझी छाती धडधडते त्याच जिन्यावर चढ-उतर करताना थेरपिस्ट कानात बोलत असणं वेगळं. (तुझे ईसीजी-थायरॉइड झालेत म्हणून हे लिहिते. ज्यांचं तपासलेलं नाही त्यांनी आधी डॉक्टरकडे जावं. धडधड म्हणजे दर वेळी मनच असतं असं नाही.)

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्रास थोडा वाढेल. इतके दिवस ज्याला टाळत होतास त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हटल्यावर वाढणारच. नेमका त्याच वेळी तुला साक्षात्कार होईल की युनिफॉर्मचा सीझन तोंडावर आहे, शाळांच्या ऑर्डरी अडकल्यात, या गुरुवारी राहू दे. सीझन खरा असतो, मला कबूल आहे. पण गड्ड्याला न जाणं, रेल्वेला न जाणं आणि सेशनला न जाणं ही एकाच घरातली भावंडं आहेत. वेळ रद्द करायची असली तर मेसेज करू नकोस, फोन करून थेरपिस्टला तोंडाने सांग. सांगता सांगता निम्म्या वेळेला आपण येतोच.

बाहेर कळेल का? थेरपिस्टकडून कळणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहून दिलाय. अपवाद आहेत: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावरचा अत्याचार, कोर्टाचा आदेश. हे अपवाद तिने पहिल्याच दिवशी आपणहून सांगायला हवेत, नाही सांगितले तर विचार. रेकॉर्डिंग तुझ्या परवानगीशिवाय करता येत नाही, तेही विचार. कळलंच तर ते आपल्याच घरातून, जिन्यातून कळतं. म्हणून तो पंखा.

स्थळाचं म्हणशील तर बघायच्या पहिल्या कांद्यापोह्यांना हे सांगायची गरज नाही. गोष्ट पुढे सरकली की मुलीला मात्र सांग, तिच्या काकांना नाही, तिला. 'मला असा त्रास होता, मी उपचार घेतले' हे ऐकून जिचा चेहरा उतरेल तिच्याशी पुढे ढिगाने गोष्टी बोलायच्या राहतील. हे माझं मत. आईला कधी सांगायचं ते तू बघ. 'गॅस' हा शब्द ती तुझ्या काळजीनेच वापरते, लेकराला डोक्याचं काही आहे म्हणण्यापेक्षा पोटाचं म्हणणं तिला सोपं जातं.

माणूस पारखून घे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागितला तर खऱ्या माणसाला राग येत नाही. आपल्याकडे 'समुपदेशक' हा शब्द कुणीही पाटीवर लिहितो, माझ्यासकट, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारावा. पाच सेशनमध्ये गॅरंटी देणारा, वीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारा आणि तुझ्या वेळेत स्वतःची कहाणी सांगणारा, हे तिघे टाळ. फी परवडत नसेल तर तसं बोल, बरेच जण कमी करतात. मेडिक्लेमवर फार विसंबू नकोस, भरती न होता घेतलेले उपचार बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाहीत.

सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं. झोप पार उडाली, कामच होईना, तर ती तुला त्यांच्याकडे पाठवेल. त्यात हार नाही. चिंतेवर रोज घ्यायच्या ज्या मुख्य गोळ्या आहेत त्यांची नशा लागत नाही, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. झटक्यात शांत करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांची सवय लागते. त्या कुणा मित्राच्या पाकिटातून घेऊ नकोस.

आणि मध्यरात्री लाट आली, गुरुवार लांब असला तर १४४१६ लाव. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलतात. जगण्यावरचंच मन उडालं असं कधी वाटलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच नंबरवर बोलायचं किंवा मित्राला उठवून सरळ दवाखाना गाठायचा.

गुरुवारी पावणेआठला खाली जा. टेबलावरची कात्री, खडू, मोजपट्टी बाजूला सार, पाण्याचा तांब्या ठेव, एक वही ठेव. चहा साडेसहाचाच शेवटचा. खिशातली गोळी खिशातच राहू दे, पहिल्या दिवशी ती कुणी काढून ठेवायला सांगत नाही.

– तुझी ताई